किसुमूच्या मुलांसाठी काय शिवावं?

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते. बँकेतून निवृत्त झाले, वय ६१. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त केनियात किसुमूला असतात. मुलगी दर शनिवारी तिथल्या एका संस्थेच्या शाळेत शिकवायला जाते. शाळेला लागूनच अनाथ मुलांचं वसतिगृह आहे. जानेवारीअखेर मी सहा आठवडे तिच्याकडं जाणार आहे आणि त्या मुलांसाठी काही काम करायची फार इच्छा आहे. आमच्या भिशीतल्या बायका म्हणाल्या, आपण हातानं काहीतरी करून पाठवू. ठरलंय असं : सव्वाशे मुलांना प्रत्येकी एक जुन्या साडीची बाहुली (बटणाचे डोळे, गळ्यात मण्यांची माळ), एक लोकरीची टोपी आणि गोळ्यांची पुडी. पहिल्याच दिवशी वाटप करायचं आणि फोटो ग्रुपवर टाकायचे. सगळं ठरल्यावर धाकटी जाऊ म्हणाली, "इथं काय गरीब पोरं नाहीत व्हय?" तेव्हापासून मन खट्टू झालंय. आमचं काही चुकतंय का? काय न्यावं, कसं द्यावं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, नमस्कार.

जरूर जा आणि शिवूनही न्या. पण जे ठरवलंय त्यातलं निम्म्याहून जास्त बदला, असं मी तुम्हाला मोकळेपणानं सांगते. बायकांनी कापड फाडायला घेण्याआधीच तुम्ही पत्र लिहिलंत, ते फार बरं केलंत.

सगळ्यात आधी त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला विचारा, की मुलांना काय हवंय. तुमच्या पत्रात बाहुली आहे, टोपी आहे, गोळ्या आहेत. पण तिथल्या कुणी काही मागितल्याचा एक शब्दही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुका पाण्याखाली गेला, तेव्हा मी एका छावणीत आलेल्या कपड्यांची निवड करायला होते. शाळेच्या व्हरांड्यात छातीइतका ढीग. त्यात जरीचे ब्लाऊज, सूट, घट्ट झालेल्या जीन्स, एकेकटे बूट. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन बराच वेळ बाजूला उभी होती. माणसं पांगल्यावर जवळ आली आणि हळूच म्हणाली, "पोरीला चड्डी हाय का, कोरडी?" त्या अख्ख्या ढिगात एक नव्हती. कारण देणाऱ्यांपैकी कुणी विचारलंच नव्हतं. आपल्या जिल्ह्यात, आपल्याच भाषेत ही गत, तर समुद्रापलीकडं आपण अंदाजानं किती चुकू!

तेव्हा मुलीकरवी मुख्याध्यापिकेला विचारा : मुलं किती, कोणत्या वयाची, मुलगे किती, मुली किती, कशाची अडचण आहे, आणि कोणती वस्तू पुरेशी आहे म्हणून आता नको. हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. पाहुण्याला नको म्हणायचा संकोच तिकडंही असतो, सरळ विचारलं की माणूस मोकळेपणानं सांगतो.

आता वसतिगृहाचं. हे तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण सांगायलाच हवं. जगभरच्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या मुलांपैकी पाचातल्या किमान चौघांची आई किंवा वडील, निदान एक जण हयात असतो, असं 'सेव्ह द चिल्ड्रन'नं २००९ च्या अहवालात मांडलं होतं. मूल संस्थेत येतं ते बहुतेकदा गरिबीमुळं, आजारपणामुळं, शाळा लांब असल्यामुळं. नेपाळ आणि कंबोडियात तर परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येतात म्हणून मुलांना घरापासून तोडून आश्रमात भरती केल्याचे प्रकार उघडकीला आले. केनिया सरकारनं २०१७ च्या नोव्हेंबरात नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली, आणि २०२२ पासून दहा वर्षांचं धोरण आखलं, की मुलं हळूहळू संस्थांमधून कुटुंबात परत जावीत. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्यांकडं लक्ष वेधलं.

आपल्या कोल्हापूरला बोर्डिंग नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, त्यातून पिढ्या शिकल्या. पण त्या पोरांना गाव होतं, घर होतं, सुट्टी लागली की ती घरी जायची. किसुमूच्या वसतिगृहाबद्दल नेमकं हेच विचारा. मुलं सुट्टीत कुठं जातात? नातेवाईक भेटायला येतात का? संस्थेची नोंदणी आहे का? येणाऱ्या स्वयंसेवकाची आधी काही चौकशी होते का, की कुणीही यावं आणि मुलांना कडेवर घ्यावं? उत्तरं टाळाटाळीची आली तर वसतिगृहात पाऊल न टाकलेलं बरं. तुमचे सहा आठवडे शाळेला द्या. शाळेत मूल दिवसभर असतं आणि संध्याकाळी आपल्या माणसांकडं जातं. सहा आठवडे मायेनं जवळ घेऊन मग विमानात बसणारी आजी, तिच्या मागून दुसरी, मग तिसरी, हे ज्या लेकरांचं आधीच कुणीतरी सुटलंय त्यांना फार जड जातं. हवं तर शिक्षिकेच्या हाताखाली काम करा. मुलांना गुंतवून मग तोडायला लागू नये.

हातानं केलेल्या भेटीला मोल नाही असं मात्र मी मुळीच म्हणत नाहीये. मार्क इस्फेल्ड नावाचा कॅनडाचा एक सैनिक होता, शांतिसेनेत सुरुंग काढायचं काम करायचा. त्याची आई कॅरोल घरी तळहाताएवढ्या बाहुल्या विणून त्याला पाठवायची आणि तो भेटणाऱ्या मुलांना त्या द्यायचा. १९९४ च्या जूनमध्ये क्रोएशियात तो मारला गेला. आईनं विणणं थांबवलं नाही. पुढं कॅनडाभर माणसं त्या बाहुल्या विणू लागली, आणि परदेशी जाणाऱ्या औषधांच्या खोक्यांत बाटल्या फुटू नयेत म्हणून भुशाऐवजी त्याच भरल्या जाऊ लागल्या. खोकं रिकामं झालं की बाहुल्या मुलांना. मला ही गोष्ट फार आवडते : वस्तू लहान, वजन नाही, आणि पोचवणारा माणूस तिथं मुळात दुसऱ्या गरजेच्या कामासाठी गेलेला.

तर तुमच्या बाहुल्या. शाळेनं हो म्हटलं तर करा, पण लहान वर्गापुरत्याच. बारा वर्षांच्या मुलग्याला बाहुली देऊन काय उपयोग? जुन्या साड्या वापरू नका. जर टोचते, नायलॉन पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं, आणि विटकं सूत दोन धुण्यांत फिसकटतं. इचलकरंजी आपल्या उशाशी आहे, नवं सुती पॉपलीन घ्या, तपकिरीच्या दोन-तीन छटांत, म्हणजे बाहुलीचा चेहरा त्या मुलांसारखा दिसेल. केस काळ्या लोकरीचे, आखूड, कुरळे. कापड आधी भिजवून, खळ काढून, वाळवून मग कापा.

बटणं आणि मणी पूर्ण वगळा. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना एक नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. खेळण्याचा सुटणारा जो भाग त्यात मावतो तो घशात अडकू शकतो, असं मानतात. तुमच्या साडीच्या ब्लाऊजचं बटण त्यात किती सहज जाईल, पाहा. "आम्ही तर मोठ्यांनाच देणार," असं म्हणाल, पण मोठीच्या हातातलं खेळणं संध्याकाळी धाकट्याच्या तोंडात जातं. डोळे भरतकामाचे करा, गाठी टाका किंवा भरीव टाका. तोंडाला साखळी टाका. भरायला रेक्रॉन (कृत्रिम कापूस) घ्या. कतरण किंवा कापूस भरला तर धुतल्यावर गोळे होतात, आतून वाळत नाही, वास मारतो. शिवण बारीक टिपेची आणि दुहेरी. झाली की काखेत आणि मानेत बोटं घालून जोरानं ओढा. उसवली तर त्या बाईला प्रेमानं परत द्या.

लोकरीच्या टोप्या नकोतच. किसुमू विषुववृत्ताला अगदी लागून, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे, तिथं बारा महिने उकाडा. विणायचंच असेल तर जवळच्या प्रसूतिगृहात विचारून नवजात बाळांसाठी मऊ सुती टोपडी करा. कमी वजनाच्या बाळाला उष्ण हवेतही डोकं झाकावं लागतं. बाळंतविडा शिवायचा हात तुमच्या भिशीत नक्की कुणाचा तरी असणार. गोळ्यांच्या पुड्या रद्द करा. दात किडतात, आणि पाहुणा दिसला की हात पसरायची सवय लागते.

मुलग्यांसाठी चिंध्यांचा चेंडू. लगोरीला आपण जो करायचो तोच, घट्ट गुंडाळून वरून दोऱ्याची जाळी. केनियातली मुलंही पिशव्या, चिंध्या आणि सुतळी गुंडाळून असेच चेंडू करतात. शाळेच्या मैदानात मुलींचा एक खेळ असतो, दोघी दोन टोकांना उभ्या राहून चेंडू मारतात आणि मधली चुकवते. तो याच चेंडूनं चालतो. तेव्हा चेंडू करून नेण्यापेक्षा सुया, दोरे, बोथट टोकाच्या कात्र्या आणि रंगीत कापडाचे तुकडे न्या आणि मुलांबरोबर बसा. ती तुम्हाला त्यांची पद्धत दाखवतील, तुम्ही तुमची दाखवा. सुया रोज मोजून द्यायच्या आणि मोजूनच परत घ्यायच्या, एवढं पाळा.

तुमच्या भिशीनं सगळी ताकद एका गोष्टीवर लावावी असं मला विचाराल, तर मी कापडी पॅड सुचवेन. २००८ मध्ये केनियातल्या एका अनाथाश्रमात सेलेस्ट मर्जेन्स या अमेरिकन बाईंना कळलं, की पाळीच्या दिवसांत मुली खोलीत पुठ्ठ्यावर बसून राहतात. त्यांनी आधी विकतचे पॅड दिले. पण वापरलेले टाकायला जागाच नव्हती. मग कापडी शिवले, ते पांढरे होते. डाग दिसतात म्हणून मुली ते उघड्यावर वाळत घालेनात. मुलींशी बोलत बोलत, पुन्हा पुन्हा बदल करत आजचा नमुना ठरला : बाहेरची पट्टी गडद छापील कापडाची, तिला दोन पंख आणि टीच बटण, आतली घडी फलालीनची, सुटी, उलगडली की चौकोनी रुमाल. धुवायला सोपी, आणि दोरीवर पाहिलं तर कुणाला कळणार नाही. त्यातून 'डेज फॉर गर्ल्स' ही संस्था उभी राहिली.

शाळेतल्या मुलींना पॅड मोफत द्यायचा कायदा केनियानं २०१७ मध्येच केलाय. तुमच्या शाळेत ते येतात का, पुरतात का, हे मुख्याध्यापिकेला विचारा. पुरत नसतील आणि मुलींना कापडी चालणार असतील, तरच शिवा. फलालीन आधी गरम पाण्यातून काढा, ते बरंच आटतं. बाहेरच्या पट्टीत मध्ये पाणी न झिरपणारं पातळ अस्तर लागतं, कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या ठोक दुकानांत विचारलंत तर मिळेल. एका मुलीला दोन पट्ट्या, सात-आठ घड्या, दोन नव्या चड्ड्या, एक साबण, आणि हे सगळं ठेवायला नेफ्यात नाडी ओवलेली पिशवी. वापर समजावून सांगायचं काम तिथल्या शिक्षिकेला करू द्या, मुलींच्या भाषेत ती जे बोलेल ते तुम्हाला-मला जमणार नाही.

आणि सगळ्यांनाच द्यायचं असं काही हवंच असेल, तर दप्तराची कापडी पिशवी, नाव भरलेली. वसतिगृहात ताट, चादर, खेळणी सगळी सामाईक. स्वतःचं नाव असलेली वस्तू मुलांकडं क्वचितच असते. नावांची यादी शाळेकडून मागवा, स्पेलिंग दोनदा तपासा. त्या भागातल्या लुओ समाजाच्या घरांत बाळाचं नाव बहुधा जन्मवेळेवरून ठेवतात : सकाळची अकिन्यी, भर दुपारची अचियेंग, रात्रीची अतियेनो. नावाशेजारी छोटा सूर्य किंवा चांदणी भरलीत तर मुलीला ते लगेच ओळखू येईल.

वाटपाचा कार्यक्रम करू नका, ताई. रांग, टाळ्या, हातात पिशवी देताना फोटो, नको. वस्तू शिक्षकांच्या हाती सोपवा, कुणाला काय आणि कधी द्यायचं ते त्यांना माहीत असतं. शाळेकडून मिळालं तर मुलाला ते हक्कानं मिळाल्यासारखं वाटतं. आपल्याकडं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार संस्थेतल्या गरजू मुलाची ओळख उघड होईल असा फोटो छापणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्या मुलांना जो मान, तोच त्यांनाही. भिशीच्या ग्रुपवर पिशव्यांचे फोटो टाका, शिवणाऱ्या हातांचे टाका, मुलांचे चेहरे नकोत.

जाऊबाईंचा प्रश्न रागानं घेऊ नका, तो रास्त आहे. सध्या ऊसतोडीचा हंगाम चालू आहे. बीडकडून आलेल्या टोळ्या कारखान्यांच्या आसपास पालं टाकून आहेत, त्यांची पोरं फडातच दिवस काढतात. काही ठिकाणी साखरशाळा चालतात. कारखान्याकडं किंवा जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींकडं चौकशी करा, आणि निघण्याआधी चार-पाच रविवार त्या मुलांबरोबर बसा. चेंडू करा, बाहुल्या करा, किती वेळ लागतो, कुठं सुई टोचते, कुठलं वय कशाला कंटाळतं, सगळं समजेल. तिथल्या आयांनाही विचारा की काय हवंय. जाऊबाईंना बरोबर न्या. तुम्ही परत आल्यावरही ते काम भिशीकडं राहू दे, पुढच्या हंगामात पोरं पुन्हा येणारच आहेत.

प्रवासाचं थोडक्यात. केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे, तेव्हा सामान कापडी पिशव्यांतच भरा. धान्य, बिया भरलेली खेळणी नेऊ नका, विमानतळावर अडवतील. बिनपगारी काम असलं तरी परवानगी लागू शकते, म्हणून संस्थेकडून लेखी विचारून घ्या. केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो. लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. साठीनंतर ही लस डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका, आणि त्याच भेटीत मलेरियाच्या गोळ्यांचंही विचारा, किसुमूच्या भागात मलेरिया भरपूर आहे.

राहिले भिशीचे पैसे. सगळे इथंच कापडावर खर्च करू नका, निम्मे बरोबर न्या. केनियात गणवेशाशिवाय शाळेत जाणं मुलाला अवघड होतं, आणि पश्चिम केनियातच अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात मोफत गणवेश मिळालेल्या मुलांचं शाळा सोडण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं, मुलींमधलं लहान वयातलं गरोदरपणही घटलं. किसुमूच्या बाजारात पायडल मशीन घेऊन बसलेले शिंपी आहेत. कोणाला गणवेश हवेत ते शाळेला ठरवू द्या, कापड तिथंच घ्या, शिलाई त्या शिंप्यांना पूर्ण दरानं द्या, घासाघीस करू नका. पावत्या शाळेच्या नावानं घ्या आणि एक प्रत भिशीसाठी आणा.